कोविड लशीचा पहिला डोस आत्ता, तीन महिने झाल्यावर, की बाळंतपणानंतर?

तुम्ही लिहिता की तुमचे वय २९ आहे, हे पहिलेच गरोदरपण आहे, २८ ऑगस्ट २०२१ ला नऊ आठवडे पूर्ण झाले, थायरॉइडची गोळी चालू आहे आणि बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुम्ही बँकेच्या काउंटरवर काम करता आणि रोज एसटीने ये-जा करता. कोविड अजून झालेला नाही आणि लशीचा एकही डोस घेतलेला नाही. आशाताई म्हणतात आत्ताच घ्या. तुमचे डॉक्टर म्हणतात तीन महिने होऊ द्या. सासूबाई म्हणतात बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग बघू. आणि इंग्लंडमधल्या तुमच्या नणंदेने विसाव्या आठवड्यात फायझरची लस घेतल्यामुळे तुम्हांलाही विसाव्या आठवड्यापर्यंत थांबावेसे वाटते. या चौघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

यांपैकी बाळंतपणानंतरचा सल्ला मी बाजूला ठेवीन, आणि विसाव्या आठवड्याचा सल्ला इंग्लंडसाठी योग्य असला तरी तुमच्यासाठी नाही असे म्हणेन. उरलेले दोन एकमेकांच्या इतके विरुद्ध नाहीत जितके ते ऐकताना वाटतात. मात्र सासूबाईंना दोष देऊ नका, कारण मे २०२१ पर्यंत मी स्वतः माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला तेच सांगत होते. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर आणि स्तनदा माता यादीतून वगळलेल्या होत्या. लस त्यांना घातक असल्याचे दिसले म्हणून त्यांना वगळले नव्हते; चाचण्यांमध्ये गरोदर स्त्रियांना घेतलेच नव्हते, त्यामुळे सांगण्यासारखी माहितीच हाती नव्हती. हा फरक घरोघरी पोहोचला नाही आणि 'गरोदर बाईला चालत नाही' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पुढे १९ मे रोजी स्तनदा मातांना परवानगी मिळाली, त्याच सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेने गरोदर स्त्रियांनाही लस द्यावी अशी भूमिका घेतली आणि २ जुलैला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गरोदरपणात कोणत्याही महिन्यात, समुपदेशन करून आणि संमती घेऊन, लस देण्यास मान्यता दिली. म्हणजे सासूबाई जे सांगतात तो जुलै २०२१ पर्यंत सरकारी नियमच होता.

नियम बदलला तो दुसऱ्या लाटेमुळे, हे मी जवळून पाहिले आहे. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील रुग्णालयांच्या मदतीने कोविडग्रस्त गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली आहे. तिच्यातील १,५३० गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जूनमध्ये मांडल्या. पहिल्या लाटेत त्यांच्यापैकी १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणे होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के, मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. हे आकडे रुग्णालयात पोहोचलेल्या स्त्रियांचे आहेत. ज्या घरीच बऱ्या झाल्या त्यांचा हिशोब यात नाही, म्हणून 'कोविड झालेल्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी सहा दगावतात' असा अर्थ कृपया काढू नका. मंत्रालयाच्याच माहितीपत्रकात म्हटले आहे की ९० टक्क्यांहून अधिक बाधित गरोदर स्त्रिया रुग्णालयात दाखल न होता बऱ्या होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बहुतेकींना काही होत नाही, पण ज्यांना होते त्यांची प्रकृती फार वेगाने ढासळते. अमेरिकेत लक्षणे असलेल्या गरोदर स्त्रियांची त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या स्त्रियांशी तुलना केली गेली, तेव्हा गरोदर स्त्रियांना अतिदक्षता विभाग लागण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले.

आता 'कधी' या मुद्द्याकडे येते, कारण हा धोका नऊ महिने सारखा नसतो. पहिल्या तीन महिन्यांत तुमचे शरीर कोविडला जवळपास इतर कोणत्याही तरुण स्त्रीसारखेच तोंड देते. शेवटच्या तीन महिन्यांत चित्र पालटते. वाढलेल्या गर्भाशयाने श्वासपटल वर सरकते, श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा सुमारे एक पंचमांशाने कमी होतो आणि त्याच वेळी शरीराची प्राणवायूची गरज तितकीच वाढलेली असते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त अशी ही स्थिती, तुम्ही बँकेत आहात म्हणून हाच शब्द वापरते. त्यात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, आणि प्राणवायू खालावला की इतर रुग्णांना जसे पालथे झोपवता येते तसे मोठ्या पोटामुळे सहज झोपवता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मी ज्या स्त्रियांसाठी रात्री खाटा शोधत फोन करत होते त्या बहुतेक सातव्या महिन्याच्या पुढच्या होत्या. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत बरे वाटत असे आणि आठव्या दिवशी बोलताना धाप लागत असे. अशा वेळी आईला श्वास मिळावा म्हणून बाळाला दिवस भरण्याआधीच बाहेर काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि मग बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागते.

म्हणून माझ्या मते लशीची तारीख पुढे मोजत जाऊन ठरवू नये, मागे मोजत येऊन ठरवावी. अठ्ठाविसावा आठवडा लागेल त्या दिवशी तुमचे दोन्ही डोस होऊन दोन आठवडे उलटलेले असावेत, हे लक्ष्य धरा. तुमच्या बाबतीत २८ आठवडे ८ जानेवारी २०२२ ला पूर्ण होतात. दोन डोसांवर मी भर देते, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये पसरलेल्या डेल्टा या विषाणूच्या प्रकारावर एक डोस फारसा पुरत नाही. इंग्लंडमधील पाहणीत लक्षणे असलेल्या आजारापासून मिळणारे संरक्षण ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्या, एका डोसानंतर ३० टक्क्यांच्या आसपास आणि दोन डोसांनंतर ६७ टक्के आढळले.

आपल्याकडचे गणित अडते ते कोविशिल्डच्या अंतरावर. १३ मे २०२१ पासून तिच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे ठरले होते. तुम्ही आज पहिला डोस घेतलात तर दुसरा २० नोव्हेंबरपासून, एकविसाव्या आठवड्यापासून, मिळू शकेल. तेरा आठवडे पूर्ण झाल्यावर, २५ सप्टेंबरला, घेतलात तर दुसरा १८ डिसेंबरपासून, पंचवीस आठवडे पूर्ण झाल्यावर; त्यानंतरचे दोन आठवडे धरले तरी आपण अठ्ठाविसाच्या आत राहतो, पण एखादी तारीख हुकली तर फारशी सवड उरत नाही. नणंदेप्रमाणे विसाव्या आठवड्यापर्यंत थांबलात तर मात्र दुसरा डोस बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात येईल, म्हणजे सर्वांत नाजूक काळ एका डोसावर काढावा लागेल. तिथे २०२१ मध्ये फायझरच्या दोन डोसांमध्ये आठच आठवडे ठेवत होते, म्हणून तिला ते जमले. कोवॅक्सिन मिळाली तर अंतर चार ते सहा आठवड्यांचे असल्यामुळे विसाव्या-बाविसाव्या आठवड्यात सुरुवात करूनही वेळेत पोहोचता येते. पण २०२१ मध्ये आपल्याकडच्या केंद्रांवर बहुतेक दिवस कोविशिल्डच होती, आणि कोवॅक्सिनच्या भरवशावर बसून राहणे मला पटत नाही. आणि बाळंतपणानंतर? तुमची तारीख २ एप्रिलच्या आसपास येते. त्यानंतर पहिला डोस, मग बारा आठवडे, म्हणजे जुलै उजाडेल. सगळे गरोदरपण आणि बाळाचे पहिले तीन महिने त्यात निघून जातील.

तुमचे डॉक्टर 'तीन महिने होऊ द्या' का म्हणाले असावेत, हेही सांगते, कारण त्या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. शेवटच्या पाळीपासून मोजले तर बाळाच्या मेंदूची व कण्याची नळी सहाव्या आठवड्यात बंद होते आणि बाकीच्या अवयवांची मुख्य घडण दहाव्या आठवड्यापर्यंत आटोपते. या काळात आवश्यक नसलेले कोणतेही औषध टाळावे, अशी आम्हां सर्वांची जुनी शिस्त आहे. शिवाय लशीनंतर ताप येऊ शकतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला मोठा ताप आम्हांला आवडत नाही. पण डॉक्टर सहसा बोलून दाखवत नाहीत असे आणखी एक कारण आहे. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के पहिल्या काही आठवड्यांत आपोआप संपतात, बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे. उद्या तुम्ही लस घेतलीत आणि परवा दुर्दैवाने रक्तस्राव सुरू झाला, तर लशीचा काही संबंध नसतानाही तुम्ही, घरचे आणि कदाचित गावही दोष लशीलाच देईल, आणि तुम्ही तो सल आयुष्यभर बाळगाल. बारा आठवड्यांनंतर ही शक्यता बरीच कमी झालेली असते. हे कारण मला कमी दर्जाचे वाटत नाही; मात्र हे मनाच्या शांततेचे कारण आहे, औषधशास्त्राचे नाही, एवढे स्पष्ट असावे.

औषधशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ऑगस्ट २०२१ पर्यंतची माहिती दिलासा देणारी आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने ११ ऑगस्टला विसाव्या आठवड्याच्या आत लस घेतलेल्या सुमारे २,५०० स्त्रियांचा हिशोब दिला. त्यांच्यात गर्भपाताचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे एरवी अपेक्षित असते तेवढेच. त्याआधी एप्रिलमध्ये तिथल्याच ३५,६९१ गरोदर स्त्रियांच्या प्रारंभिक नोंदींतही धोक्याची खूण दिसली नव्हती. पण मी तुम्हांला अर्धवट सांगणार नाही. या सगळ्या स्त्रियांनी फायझर किंवा मॉडर्ना घेतली होती. ब्रिटनच्या लसीकरण समितीने १६ एप्रिलला गरोदर स्त्रियांसाठी याच दोन लशींना पसंती दिली तीही त्यांच्याविषयीची माहिती हाती होती म्हणून. कोविशिल्डची गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतली माहिती ऑगस्ट २०२१ पर्यंत तितकी जमलेली नव्हती. मी कोविशिल्ड देते ती तिच्या रचनेकडे पाहून: तिच्यातला चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस शरीरात वाढू शकत नाही, तो दंडातल्या पेशींना निरोप पोहोचवतो आणि तिथेच संपतो. कोवॅक्सिनमध्ये तर मारलेला विषाणू असतो, आणि मृत घटकांच्या लशी, उदाहरणार्थ धनुर्वाताची, आम्ही गरोदरपणात कित्येक दशके देत आलो आहोत. यांपैकी एकही जिवंत विषाणूची लस नाही, आणि गरोदरपणात जी आम्ही कटाक्षाने टाळतो ती जिवंत विषाणूचीच असते.

कोविशिल्डने रक्ताच्या गुठळ्या होतात ही बातमी तुमच्या कानावर आली असेलच. तो विकार खरा आहे, त्यात प्लेटलेट कमी होतात आणि भलत्याच ठिकाणी गुठळ्या होतात, पण तो अतिशय विरळ आहे. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मे महिन्यात नोंदवलेले प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ असे होते. आपल्याकडे सगळ्या घटना नोंदल्या जातात असे मी मानत नाही, म्हणून खरा आकडा याच्या काही पट असू शकतो. तरीही तो कोविडमुळेच होणाऱ्या गुठळ्यांच्या जवळपास जात नाही. गरोदरपणात रक्त गोठण्याची जी नेहमीची प्रवृत्ती असते तिच्याहून या विकाराचे कारण वेगळे आहे, त्यामुळे केवळ गरोदर असल्याने तो जास्त होतो असे दिसलेले नाही. लशीनंतर वीस दिवसांच्या आत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, धाप, छातीत किंवा पोटात सतत दुखणे, पायाला सूज, अथवा दंड सोडून अंगावर इतरत्र लाल टिपके दिसले तर मात्र घरी वाट पाहू नये. सातव्या महिन्यानंतर डोकेदुखी आणि अंधुक दिसणे ही रक्तदाब वाढल्याचीही लक्षणे असतात. तेव्हा कारण कोणतेही असो, रुग्णालय गाठायचेच.

आता तुमच्यापुरता निर्णय. अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करून घ्या आणि ती ठीक आली की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. २५ सप्टेंबरच्या पुढे एक दिवसही ढकलू नका. ही सवलत मी एका अटीवर देते. तोवर बँकेने तुम्हांला काउंटरवरून उठवून आतले काम द्यावे किंवा तुम्ही रजा घ्यावी, आणि १० सप्टेंबरला येणाऱ्या गणपतीत व त्यामागून येणाऱ्या गौरींच्या हळदीकुंकवात घरी माणसे जमवू नयेत. हे जमणार नसेल, तर आशाताईंचेच बरोबर आहे आणि तुम्ही या आठवड्यात लस घ्यावी. सांगली, सातारा आणि कोल्हापुरात दुसरी लाट राज्यात सर्वांत उशिरापर्यंत रेंगाळली, त्यात जुलैच्या पुराने लोक शाळा-मंगल कार्यालयांत एकत्र राहिले. अशा भागात रोज दीडशे लोकांशी काचेच्या फटीतून बोलणाऱ्या स्त्रीला चार आठवडे थांबा म्हणणे हे घरी बसून असणाऱ्या स्त्रीला थांबा म्हणण्यासारखे नाही. तुमचे वय ३५ च्या वर असते, वजन जास्त असते, मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वी पायात गुठळी झालेली असती, तर मी ही चार आठवड्यांची सवलतही दिली नसती. थायरॉइडची गोळी चालू असणे हे थांबण्याचे कारण नाही आणि घाई करण्याचेही नाही. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन, जुळी मुले, उपचारांनी राहिलेला गर्भ, कमी हिमोग्लोबिन यांतले काहीही लशीच्या आड येत नाही. लशीतल्या एखाद्या घटकाची किंवा आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आणि त्या दिवशी अंगात असलेला ताप, एवढी मोजकीच कारणे खरी.

धनुर्वाताची, म्हणजे टीडीची, लस या गडबडीत राहू देऊ नका. तिच्यात आणि कोविडच्या लशीत मी १४ दिवसांचे अंतर ठेवते. तुमची पहिली टीडी आता या भेटीतच घेतलीत तर पुढचे सगळे सुटसुटीत होईल.

लशीच्या दिवशी पोटभर खाऊन जा. उपाशीपोटी रांगेत उभे राहून चक्कर आलेल्या स्त्रियाच मी जास्त पाहिल्या आहेत. माता-बालसंरक्षण कार्ड बरोबर ठेवा, गरोदर असल्याचे नोंदणीच्या टेबलावर आधीच सांगा आणि लशीनंतर अर्धा तास तिथेच बसा. त्या रात्री अंग दुखले किंवा ताप आला तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्या, लागल्यास सहा तासांनी पुन्हा घ्या. 'गरोदरपणात गोळी नको' म्हणून ताप अंगावर काढू नका, बाळाला त्रास गोळीपेक्षा तापाचा जास्त. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र घेऊ नका. ताप दोन दिवसांच्या पुढे राहिला, किंवा खोकला आणि वास जाणे सुरू झाले, तर त्याला लशीचा ताप म्हणून सोडून न देता कोविडची चाचणी करा. पहिल्या डोसानंतर निदान दोन आठवडे तुम्ही जवळपास लस न घेतलेल्यांइतक्याच असुरक्षित असता, तेव्हा मास्क आहे तिथेच राहील.

मधल्या काळात कोविड झालाच, तर हा सगळा हिशोब मोडतो. २०२१ च्या नियमानुसार एरवी बरे झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची होती. चालू गरोदरपणातच आजार झाला असेल तर मंत्रालयाने प्रसूतीनंतर लगेच घ्यावी असे सुचवले होते. तेव्हा तसे काही झाले तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळवल्याखेरीज स्वतःच तारीख ठरवू नका.

दुसऱ्या डोसाची तारीख आत्ताच माता-बालसंरक्षण कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमच्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात, म्हणजे ते नेमके जानेवारीच्या सुमारास येईल. त्या कार्यक्रमाला दुसरा डोस होऊन दोन आठवडे झालेले असावेत आणि पाहुणे घरातल्यांपुरतेच असावेत. दोन डोस वेळेत झाले तर तुमच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जायला शेवटचे तीन महिने पुरेसे मिळतात. लस घेतलेल्या मातांच्या नाळेतल्या रक्तात आणि दुधातही ती सापडली आहेत. बाळाला ती किती महिने पुरतात यावर २०२१ मध्ये काम चालूच होते, म्हणून केवळ बाळासाठी म्हणून लस घ्या असे मी म्हणत नाही. तुमच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठी घ्या.

शेवटी सासूबाईंविषयी. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की त्यांनी स्वतः अजून लस घेतलेली नाही आणि यजमानांचा एकच डोस झाला आहे. तुम्ही २५ सप्टेंबरपर्यंत थांबणार असाल, तर त्या चार आठवड्यांत घरात विषाणू आणण्याची सर्वांत जास्त शक्यता या दोघांचीच आहे. सासूबाईंना तुमच्या लशीविषयी पटवत बसण्याआधी, त्यांच्या पहिल्या डोसासाठी सोमवारी आरोग्य केंद्रावर घेऊन जा, आणि यजमानांच्या दुसऱ्या डोसाला किती आठवडे उरले आहेत ते त्याच फेरीत बघून या.